पोलादी गाडीतली उत्तर दिशा

रविवारची सकाळ, मिशिगनमधल्या एखाद्या मॉलच्या मागचे रिकामे वाहनतळ. एक जुनी जीप ग्रँड चेरोकी माणसाच्या चालीने गोल फिरते आहे. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी चालू आहे. छताला लावलेल्या छोट्या हिरवट पडद्यावर 'सीएएल' (कॅलिब्रेशन, म्हणजे जुळवणी) ही तीन अक्षरे दिसत आहेत. तिसरी फेरी संपता संपता ती विझतात आणि त्यांच्या जागी 'एन' उमटतो. एन म्हणजे नॉर्थ, उत्तर. गेले कित्येक दिवस ही गाडी कुठेही वळली तरी पडद्यावर एकच दिशा दिसत होती. आता तिला आठही दिशा दिसू लागतात.

ही जीप बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत या फेऱ्यांच्या अटी बारकाईने दिल्या आहेत. जमीन सपाट हवी. जवळपास मोठे लोखंड किंवा विजेच्या तारा नकोत. वेग ताशी ५ ते ८ किलोमीटर हवा. तीन पूर्ण फेऱ्या माराव्यात आणि त्यांना ४८ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागू नये. चाके पूर्ण वळवून ताशी ८ किलोमीटरने तीन फेऱ्या मारल्या, तर एवढ्या आकाराच्या गाडीला साधारण तेवढेच सेकंद लागतात. हातात पाना-पक्कड न घेता आणि एकही सुटा भाग न बदलता एक बिघडलेले यंत्र शुद्धीवर येते. हे कसे घडते ते मुळापासून समजून घेण्यासारखे आहे. या ४८ सेकंदांमागे चारशे वर्षांची विद्या आहे, आणि तिच्यासाठी माणसांनी प्राणही गमावले आहेत.

गाडी स्वतःच एक लोहचुंबक असते, इथून सुरुवात करावी लागते. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकावर 'दे मॅग्नेते' हा ग्रंथ लिहिला. पृथ्वी हाच एक महाचुंबक आहे, ही गोष्ट त्याने त्यात प्रयोगांनिशी मांडली. त्या ग्रंथात एका लोहाराचे चित्र आहे. तापलेली लोखंडी कांब दक्षिणोत्तर धरून तो ऐरणीवर ठोकतो आहे. अशी ठोकलेली कांब थंड झाल्यावर चुंबक बनते. लोखंडाच्या आत सूक्ष्म चुंबकीय विभाग असतात आणि एरवी त्यांची तोंडे वाटेल त्या दिशांना असतात. उष्णता आणि हादरा यांनी ते सैल होतात. त्या सैल क्षणी पृथ्वीचे क्षेत्र त्यांना थोडेसे आपल्या दिशेला वळवते, आणि लोखंड थंड झाले की ते तसेच गोठून राहतात. मोटारीच्या कारखान्यात नेमके हेच होते. पत्रा प्रेसखाली ठोकला जातो, वाकवला जातो, शेकडो ठिकाणी त्याला स्पॉट वेल्डिंग होते. गिल्बर्टच्या लोहाराने एका कांबेला जे केले ते इथे सबंध सांगाड्याला होते. पुढे अपघात झाला आणि गॅरेजमध्ये छताचा पत्रा ठोकून सरळ केला, तर त्या छताचे चुंबकत्व पुन्हा बदलते.

होकायंत्राला ऐकायचा असतो तो पृथ्वीचा आवाज फारच क्षीण असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला भरते. फ्रिजच्या दाराला चिकटवायचा साधा चुंबक त्याहून शेकडो पट बलवान असतो. त्यातही दिशा ओळखायला क्षेत्राचा फक्त आडवा भाग उपयोगी पडतो. डेट्रॉइटजवळ पृथ्वीचे क्षेत्र जमिनीत जवळजवळ ७० अंशांनी खाली घुसते, त्यामुळे आडवा भाग उरतो सुमारे १९ मायक्रोटेस्लाचा. मुंबई-अलिबागकडे क्षेत्राची ही नती बरीच कमी आहे आणि आडवा भाग सुमारे ३८ मायक्रोटेस्ला, म्हणजे दुप्पट. छतावरचा तोच चुंबकीय दोष घेऊन एखादी गाडी डेट्रॉइटहून मुंबईला आणली, तर तिच्या होकायंत्राची चूक बरीच कमी होईल. अमेरिकेच्या उत्तर भागातल्या वाहनचालकांना हा त्रास जास्त जाणवतो, त्याचे एक कारण हे भूगोलातले आहे.

समजा डेट्रॉइटमध्ये छताच्या पत्र्याचे स्वतःचे क्षेत्र ३० मायक्रोटेस्ला आहे आणि ते गाडीच्या नाकाकडे रोखलेले आहे. ते गाडीसोबतच फिरणार. पृथ्वीचे १९ मायक्रोटेस्ला मात्र गाडी वळेल तसे होकायंत्रातल्या संवेदकाच्या पुढे, बाजूला, मागे सरकणार. दोन्हींची बेरीज मांडून पाहिली तर दिसते की संवेदकाला जाणवणारे एकूण क्षेत्र नाकाच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३९ अंशांपलीकडे जाऊच शकत नाही. अशी गाडी कितीही वळवली तरी पडद्यावर फक्त वायव्य, उत्तर आणि ईशान्य दिसतील. दक्षिण येणारच नाही. 'माझा कंपास अडकला आहे' असे चालक म्हणतो तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. यंत्र ठीक असते, ते जे मोजते तेही खरे असते, फक्त त्या मापात गाडीचा वाटा पृथ्वीपेक्षा मोठा झालेला असतो.

हा पेच मोटारींच्या आधी जहाजांना पडला होता. १८०१ साली 'इन्व्हेस्टिगेटर' जहाज घेऊन ऑस्ट्रेलियाचा किनारा नोंदवायला निघालेल्या मॅथ्यू फ्लिंडर्सच्या लक्षात आले की जहाजाचे तोंड वळले की सुईची चूकही बदलते. ते जहाज लाकडी होते, पण त्यावर तोफा, नांगर, सळ्या असे लोखंड होतेच. पुढे संपूर्ण लोखंडी जहाजे आली आणि प्रश्न जीवघेणा झाला. जानेवारी १८५४ मध्ये 'टेल्युअर' हे नवे कोरे लोखंडी जहाज साडेसहाशेच्या आसपास माणसे घेऊन लिव्हरपूलहून मेलबर्नला निघाले. त्याची होकायंत्रे एकमेकांशी जुळेनात. दक्षिणेकडे चाललो आहोत अशा समजुतीत जहाज पश्चिमेला गेले आणि निघाल्यापासून दोनच दिवसांत डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आदळले. तीनशेहून अधिक माणसे बुडाली. ते त्याचे पहिलेच सागरी प्रस्थान होते.

या दुर्घटनेनंतर इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्येच 'रेनबो' या लोखंडी जहाजावर प्रयोग करून उपाय सांगितला होता. होकायंत्राभोवती मोजून-मापून चुंबक आणि लोखंडाचे तुकडे ठेवायचे, म्हणजे जहाजाच्या चुंबकत्वाला तेवढेच उलटे चुंबकत्व मिळेल. ध्रुवीय समुद्रात देवमाशांची शिकार करून पुढे धर्मोपदेशक झालेले विल्यम स्कोर्सबी यांनी याला आक्षेप घेतला. लाटांच्या माराने जहाजाचे चुंबकत्वच बदलत राहते, मग आज बसवलेले चुंबक उद्या चुकीचे ठरतील, असे त्यांचे म्हणणे होते. होकायंत्र लोखंडापासून लांब, उंच डोलकाठीवर न्या, हा त्यांचा सल्ला. आपले म्हणणे पडताळायला ते १८५६ मध्ये उतारवयात 'रॉयल चार्टर' जहाजाने ऑस्ट्रेलियापर्यंत गेले आणि परतल्यावर पुढच्याच वर्षी वारले. माझ्या मते दोघेही बरोबर होते, आणि आजच्या गाडीने दोघांचेही ऐकले आहे. संवेदक आरशात किंवा छताजवळ बसवतात तो इंजिनापासून दूर राहावा म्हणून, ही स्कोर्सबींची डोलकाठी. गोल फेऱ्या मारून गाडीचा दोष मोजायचा आणि वजा करायचा, ही एअरींची रीत.

एअरींच्या चुंबकांची जागा गाडीत आता गणिताने घेतली आहे. गाडीच्या होकायंत्रात सुई नसते. जुन्या गाड्यांत 'फ्लक्सगेट' असतो. सहज चुंबकित होणाऱ्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा छोटा गाभा, त्याभोवती तारेची गुंडाळी. गुंडाळीतला प्रवाह गाभ्याला क्षणाक्षणाला एकदा इकडे, एकदा तिकडे पूर्ण चुंबकित करतो. बाहेरचे क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजू अगदी सारख्या भरतात. पृथ्वीचे क्षेत्र आले की एक बाजू किंचित आधी भरते आणि त्या फरकाचा विद्युतसंकेत दुसऱ्या गुंडाळीत उमटतो. पिट्सबर्गच्या गल्फ कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर व्हाकिये यांनी हे तंत्र विकसित केले, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांतून पाणबुड्या हुडकायला ते वापरले गेले. नंतरच्या पुष्कळ उपकरणांत चुंबकीय क्षेत्रात विद्युतरोध बदलणारी पातळ पट्टी असते. तो गुणधर्म १८५६ मध्ये विल्यम थॉमसन यांनी लोखंड आणि निकेलमध्ये शोधला होता. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले हेच थॉमसन. १८७६ मध्ये जहाजासाठी त्यांनी जे सुधारित होकायंत्र पेटंट केले, त्याच्या खांबात दुरुस्तीचे चुंबक आणि दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे होते. जहाजाचे होकायंत्र सुधारणाऱ्या माणसाने वीस वर्षे आधी गाडीच्या होकायंत्राचे बीजही शोधून ठेवले होते, हे वाचले तेव्हा मी थक्क झालो.

संवेदक दोन आकडे देतो, एक पुढच्या दिशेचा आणि एक बाजूचा. गाडी एक पूर्ण फेरी मारते तेव्हा हे दोन आकडे आलेखावर मांडत गेलो तर वर्तुळ उमटते. गाडी निर्दोष असती तर वर्तुळाचा मध्य शून्यावर पडला असता. गाडीचे कायमचे चुंबकत्व त्या मध्याला बाजूला सरकवते. हा मध्य कुठे सरकला आहे ते शोधणे आणि प्रत्येक मापातून तेवढे वजा करणे, एवढेच काम त्या तीन फेऱ्यांत होते. जहाजेही बंदरात अशीच जागच्या जागी वर्तुळभर फिरवून प्रत्येक दिशेची चूक टिपत असत. पत्रा पृथ्वीकडून जे उसने चुंबकत्व घेतो त्याने वर्तुळ थोडे चेपून लंबवर्तुळ होते, पण आठच दिशा दाखवणाऱ्या पडद्याला ते सहसा जाचत नाही. मोबाइलचा कंपास चुकला की तो हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतात, त्यामागे हेच गणित आहे. फक्त तिथे वर्तुळाऐवजी गोल मिळवायचा असतो.

फेऱ्या मारण्याआधी मात्र गाडीतून बाहेरचे चुंबक काढायला हवेत, आणि लोक इथेच चुकतात. चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाने घटतो. अंतर दुप्पट झाले की तो एक-अष्टमांश उरतो. म्हणून दीड-दोन मीटरवरच्या भल्यामोठ्या इंजिनापेक्षा संवेदकाला खेटून असलेला एक स्क्रू जास्त घातक ठरू शकतो. छतावर चुंबकाने चिकटणारी अँटेना, डॅशबोर्डवरचा चुंबकी मोबाइल-धारक, चष्म्याच्या डबीतला चुंबक हे नेहमीचे दोषी. मग विजेच्या तारा. एका तारेतून १० अँपिअर प्रवाह जात असेल तर तिच्यापासून १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र तयार होते, म्हणजे डेट्रॉइटमध्ये पृथ्वीच्या आडव्या भागाहूनही जास्त. आरशामागे नेलेल्या उपकरणाच्या तारेत १ अँपिअर प्रवाह असला आणि ती संवेदकापासून ५ सेंटिमीटरवर असली, तरी १२ अंशांपर्यंत चूक होऊ शकते. उपाय सोपा आहे. जाणारी आणि परतणारी तार एकमेकींना पीळ घालून न्यायची, म्हणजे दोघींची क्षेत्रे एकमेकांना मारतात.

विजेच्या तारांचा हा उपद्रव मुंबईकरांना शंभर वर्षांपूर्वीच माहीत झाला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने या नोंदी बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय मोजमाप खाडीपलीकडे अलिबागला हलवले गेले. १९०४ मध्ये तिथे लोखंड टाळून, चुंबकाला न जुमानणारे दगड आणि तांबे-पितळ वापरून इमारती उभ्या राहिल्या. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या जागेशी जोडली जावी. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा सुया केव्हाच सुरक्षित झाल्या होत्या. अलिबागला वेधशाळा हलवता आली. गाडीचा संवेदक गाडीबाहेर नेता येत नाही, म्हणून त्याला वजाबाकी शिकवावी लागते.

कधी कधी वजाबाकीही पुरत नाही. छताचे चुंबकत्व संवेदकाच्या मापनाच्या आवाक्याबाहेर गेले, तर कितीही फेऱ्या मारा, 'सीएएल' जात नाही किंवा पडदा कोरा राहतो. मग छतच विचुंबकित करावे लागते. क्रायस्लरच्या पुस्तिकेत त्यासाठी ६०२९ क्रमांकाचे खास अवजार नेमले आहे. त्यात घरातल्या विजेवर चालणारी गुंडाळी असते आणि तिच्या टोकापासून ७ मिलिमीटरवर ३५० गाउसहून जास्त क्षेत्र मिळायला हवे. पृथ्वीच्या आडव्या भागाच्या ते सुमारे अठराशे पट भरते. गाडी बंद करायची. आधी छताच्या कन्सोलचा पुढचा स्क्रू: अवजाराचे टोक त्याच्या माथ्याला दोनेक सेकंद लावायचे आणि चालू ठेवूनच हळूहळू मागे घ्यायचे. मग बाहेरून छत. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून त्यावर कागद ठेवायचा, त्यावरून अवजार संथपणे मागे-पुढे फिरवायचे. शेवटी ते निदान ६१ सेंटिमीटर दूर नेऊनच बंद करायचे.

या शेवटच्या अटीत सगळे मर्म आहे. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तने करते. म्हणजे गुंडाळी छताला सेकंदात ६० वेळा एका दिशेने आणि ६० वेळा उलट्या दिशेने चुंबकित करत असते. अवजार दूर जाईल तसा प्रत्येक झटका आधीच्याहून थोडा कमी होतो, आणि पोलादातले विभाग घुटमळत घुटमळत विखुरलेल्या अवस्थेला येतात. छताला खेटून असतानाच बटण बंद केले तर शेवटचा जोरदार झटका तसाच गोठतो आणि आधीपेक्षा वाईट चुंबक तयार होतो. आपल्याकडचे घड्याळजी हे काम पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. चावीचे घड्याळ चुंबकाजवळ राहून पुढे धावू लागले की ते गुंडाळीतून नेऊन सावकाश बाहेर काढतात. जुना रंगीत टीव्ही सुरू करताना 'धम्' असा आवाज यायचा, तीही पडद्यामागच्या पत्र्याचे चुंबकत्व झाडून काढणारी गुंडाळीच होती. हे अवजार हाताळताना पेसमेकर लावलेल्या व्यक्तीने जवळ थांबू नये, आणि मनगटावरचे घड्याळ आधी काढून ठेवावे.

विचुंबकनानंतर फेऱ्या पुन्हा माराव्या लागतात, आणि त्याआधी झोन तपासावा लागतो. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जो कोन असतो त्याला दिक्पात म्हणतात. मुंबईत तो एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून आपल्याला त्याची फारशी ओळख नसते. अमेरिका रुंद आहे. सिॲटलला सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १५ अंश पूर्वेला रोखते, मेन राज्यात जवळपास तेवढीच पश्चिमेला. सिॲटलमध्ये उत्तरेपासून पूर्वेकडे ३० अंश झुकलेल्या रस्त्यावर पडद्यावर ईशान्य हवी. झोन चुकीचा असेल तर तिथे उत्तर दिसते. म्हणून या गाड्यांच्या पुस्तिकेत उत्तर अमेरिकेच्या नकाशावर १ ते १५ क्रमांकांचे पट्टे, म्हणजेच झोन, छापलेले असतात. गाडी कारखान्यातून ८ वर लावलेली येते, आणि देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला राहायला गेलेल्या माणसाला तो आकडा बदलावा लागतो.

नव्या गाड्यांत दिशा बऱ्याचदा उपग्रहांकडून येते. ती सोयीची आहे, पण तिला गाडीचे तोंड कळत नाही. गाडी कुठून कुठे सरकली एवढेच कळते. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीची दिशा ती आठवणीतून सांगते. उभ्या गाडीला उत्तर सांगायची तर पृथ्वीच्या चुंबकाला विचारावेच लागते.

आता मिशिगनची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विल्यम ऑस्टिन बर्ट हे तिथले सरकारी भूमापक. लोहखनिजाच्या प्रदेशात चुंबकसूची फसवते, म्हणून त्यांनी सूर्यावरून दिशा काढणारे सौर होकायंत्र बनवले आणि १८३६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १९ सप्टेंबर १८४४ रोजी सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, आजच्या निगॉनी गावाजवळ, त्यांच्या तुकडीची चुंबकसूची भलतीकडे वळू लागली. बर्ट यांनी माणसांना आसपास शोधायला सांगितले आणि हातात आले ते लोहखनिज. तिथल्या खाणींमधून पुढे सरोवरांच्या वाटेने जहाजे भरभरून खनिज निघाले. विसाव्या शतकात डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नला फोर्डचा रूज कारखाना उभा राहिला, तिथे खनिज जहाजाने धक्क्याला लागायचे आणि त्याच आवारात त्याचे पोलाद आणि पोलादाच्या गाड्या व्हायच्या. ज्या लोखंडाने बर्ट यांच्या सुईला फसवले, त्याच जातीचे लोखंड आता छप्पर होऊन संवेदकाच्या डोक्यावर बसले आहे.

दुरुस्त झालेले होकायंत्र पडताळायलाही भूमापकांचीच एक रेघ हाताशी आहे. मिशिगनच्या जमिनीची मोजणी १८१५ मध्ये ज्या पूर्व-पश्चिम आधाररेषेपासून सुरू झाली, तीच डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवर आज 'एट माइल रोड' म्हणून धावते. फेऱ्या झाल्यावर गाडी त्या रस्त्याला लावायची. सेंट क्लेअर सरोवराच्या बाजूला निघाले की पडद्यावर 'ई' हवा, उलट फिरले की 'डब्ल्यू'. मग वुडवर्ड ॲव्हेन्यूने शहराबाहेर वळायचे. तो रस्ता तिरपा वायव्येला जातो. तिथे 'एनडब्ल्यू' ठाम राहिला तर झोनही बरोबर लागला आहे. तो 'एन'कडे घुटमळू लागला, तर पुस्तिकेतला नकाशा पुन्हा उघडायचा.